अळणी मीठ

(गाझियाबादमधल्या एका खासगी हॉस्पिटलचा तिसरा मजला. दुपार. आयसीयूच्या बंद दारासमोर लोखंडी खुर्च्या. त्यांवर आई अलकनंदा आणि मुलगी देवयानी. दाराशी स्टुलावर गार्ड.)

अलकनंदा : ते काही असो. ज्या माणसाला डायबेटिस नाही त्याला इन्सुलिन कशासाठी? मी आत होते तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत दिलं. मी त्या नर्सला म्हटलं, सिस्टर, पेशंट चुकलाय तुमचा. पलीकडच्या खाटेवरचा असेल.

देवयानी : आई, पेशंट बरोबर आहे. ते शुगरसाठी नाहीये.

अलकनंदा : मग?

देवयानी : पोटॅशियमसाठी. बाबांच्या रक्तात पोटॅशियम बहुत वाढलंय. इन्सुलिन दिलं की ते रक्तातून पेशींच्या आत ढकललं जातं. शुगर पडू नये म्हणून सोबत ग्लुकोज देतात.

अलकनंदा : आत ढकललं म्हणजे शरीरातच राहिलं की.

देवयानी : राहिलं, पण आपल्या जागी राहिलं. पोटॅशियम पेशीच्या आत असलं की ठीक. बाहेर जास्त झालं की गडबड.

अलकनंदा : तुझ्या बाबांसारखंच. घरात असले की गरीब गाय, सोसायटीच्या मीटिंगला गेले की भांडण.

गार्ड : माताजी, ज़रा धीरे. आवाज़ अंदर जाती है.

अलकनंदा : आवाज़ जाती है बेटा, बस हम नहीं जाते.

गार्ड : क्या करें माताजी. एक मरीज़, एक पास. एक आदमी, वो भी टाइम पर. देवघर जी का टाइम अभी हुआ नहीं.

अलकनंदा : देवघर नहीं, देवधर. ध. श्रीरंग देवधर.

गार्ड : हमारे उधर देवघर है ना, माताजी, झारखंड में. ज़बान पे वही आ जाता है.

अलकनंदा : येऊ दे बाबा. जिवंत माणसाचं देवघर केलंन यानं. देवयानी, तू मला नीट समजावून सांग. वर्गात मुलांना सांगतेस तसं. अकरावीचं बायॉलॉजी शिकवतेस ना? मग शिकव.

देवयानी : आत्ता? आत बाबांचं डायलिसिस चालू आहे यार, आणि मी इथे क्लास घेऊ?

अलकनंदा : रामरक्षा म्हणून झाली. समोरच्या भिंतीवरची हात धुण्याची पद्धतही पाठ झाली. आता दुसरं काही नाही माझ्याकडे. बोल.

देवयानी : अच्छा. प्रत्येक पेशीला बाहेरून एक झिल्ली असते...

अलकनंदा : झिल्ली काय गं? पापुद्रा म्हण.

देवयानी : पा... काय?

अलकनंदा : पापुद्रा. भाकरी फुगल्यावर वर सुटतो तो.

देवयानी : हां, तो. तर हा पापुद्रा एक नाही, दोन आहेत. पाठीला पाठ लावलेले. तेलाचेच समज. ज्या कणांचा तो बनतो ना, त्यांचं डोकं पाण्याला राजी असतं आणि शेपटीला पाणी बिल्कुल चालत नाही. पेशीच्या आत पाणी, बाहेर पाणी. म्हणून एका थराची डोकी बाहेर, दुसऱ्याची आत, आणि सगळ्यांच्या शेपट्या मध्ये लपलेल्या.

अलकनंदा : म्हणजे पाठीला पाठ लावून झोपायचं, तोंडं दोन दिशांना, आणि जगाला दिसतं की एकच पांघरूण आहे. कळलं. पुष्कळ घरं अशी उभी आहेत.

देवयानी : आई!

अलकनंदा : तू पुढे बोल. या तेलातून काय जातं, काय नाही?

देवयानी : ऑक्सिजन सरळ जातो. कार्बन डायऑक्साईड सरळ येतो. त्यांना कोणी विचारतच नाही.

अलकनंदा : हवेला पास नाही. ते तर दिल्लीत राहून कळलंच आहे. दारं लावा, खिडक्या लावा, छातीत येऊन बसते.

देवयानी : पण सोडियम, पोटॅशियम यांच्यावर विजेचा भार असतो. ते पाण्यात मजेत राहतात, तेलातून त्यांना जाता येत नाही. त्यांच्यासाठी पापुद्र्यात ठिकठिकाणी प्रोटीनचे दरवाजे असतात. ज्याचा दरवाजा त्यालाच वाट. त्याला चॅनल म्हणतात.

गार्ड : आइए सर, आइए. जूते यहीं उतार दीजिए.

अलकनंदा : भैया, ये कैसे गए? इनका टाइम हुआ क्या?

गार्ड : वो न्यूज़ चैनल वाले सर हैं, माताजी. ऊपर से फ़ोन था.

देवयानी : बघ. चॅनल.

अलकनंदा : बघितलं. मंत्रालयात एवढी वर्षं सेक्शन ऑफिसर होते मी, मला हे शिकवायला नको. तेलकट टेबलावरून फाईल आपोआप सरकत नाही. शिफारस असली की दार उघडतं.

देवयानी : बिल्कुल. पण दार नुसतं उघडून काम होत नाही. दार उघडलं की गर्दी जिकडे जास्त तिकडून कमीकडे वाहत जाते. पेशीला नेमकं उलटं हवं असतं. पोटॅशियम आत भरपूर हवं, सोडियम बाहेर. म्हणून तिथे एक पंप असतो. तो सारखा उलट्या दिशेनं ढकलत राहतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत.

अलकनंदा : तीन रिटायर, दोन भरती. आमच्याकडे हाच हिशेब होता. आणि उलट्या दिशेनं ढकलायला हा पंप काही घेत असेल.

देवयानी : एनर्जी घेतो. तू जे खातेस त्यातली बरीचशी ह्या पंपावरच जाते.

अलकनंदा : चहापाणी. उगाच नाही मला दुपारी भूक लागत.

देवयानी : हसू नको ना आई. हाच पंप इन्सुलिननं जोरात चालतो, म्हणून दिलंय बाबांना. आणि त्याआधी कॅल्शियम दिलं, हृदयाच्या पेशी थोडा वेळ सांभाळून राहाव्यात म्हणून. आतबाहेर हा जो फरक आहे ना, आत पोटॅशियम जास्त, बाहेर कमी, त्याच्यावरच हृदय धडधडतं. स्नायू हलतात. बाहेर पोटॅशियम वाढत गेलं की फरक मिटतो. मग हृदयाला कळत नाही, कधी आवळायचं आणि कधी सोडायचं.

अलकनंदा : स्नायू म्हणालीस. पायांचे पण?

देवयानी : पायांचे पण. का?

अलकनंदा : काल सकाळी म्हणाले, अलका, पाय उचलत नाहीत. मी म्हटलं, दूध आणायचं असलं की तुमचे कधी उचललेत.

देवयानी : काल सकाळीच?

अलकनंदा : मग गेले बिचारे. घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिथेच खाली बसले. मला वाटलं, मला दाखवायला बसलेत.

देवयानी : आई, तुला कसं कळणार होतं?

अलकनंदा : तेच म्हणतेय. कसं कळणार होतं. बरं, हा पापुद्रा फाटला तर काय होतं?

देवयानी : पेशी मरते. किंवा उलटं, पेशी मेली की पापुद्र्याचं काम संपतं. कॉलेजला आम्ही निळा रंग टाकून बघायचो मायक्रोस्कोपखाली. जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही, स्वच्छ दिसते. मेलेली पेशी निळी होते. ती कोणालाच अडवत नाही.

अलकनंदा : म्हणजे अडवतंय तोवर जीव आहे.

देवयानी : आमच्या मॅम अगदी हेच म्हणायच्या.

अलकनंदा : मग अडवू दे याला. भैया, तुम बैठो आराम से.

गार्ड : जी माताजी?

अलकनंदा : कुछ नहीं. ड्यूटी अच्छी करते हो.

देवयानी : तू काही खाल्लं नाहीस सकाळपासून. कँटीनची खिचडी आणली होती ना मी? डबा तसाच आहे.

अलकनंदा : एक घास खाल्ला. अळणी आहे.

देवयानी : ई! काय सांगतेस? दे इकडे, मी कँटीनवाल्याला दाखवते. हॉस्पिटलमध्ये असं कसं देऊ शकतात!

अलकनंदा : अगं, त्यात दाखवायचं काय? बिनमिठाची आहे, एवढंच. पेशंटची खिचडी आपल्याला दिली असेल.

देवयानी : तू म्हणालीस अळणी आहे.

अलकनंदा : हो. अळणी. मीठ नाही तिच्यात.

देवयानी : अळणी म्हणजे... त्यात अळ्या आहेत, असं नाही?

अलकनंदा : अळ्या? देवा रे. पहाडगंजच्या मराठी शाळेत पाचवीपर्यंत घातलं होतं तुला. मी म्हणत होते दहावीपर्यंत राहू दे, तुझे बाबा म्हणाले पोरीचं इंग्रजी कच्चं राहील. घ्या. अळणी म्हणजे फीका गं. मीठ कमी असलेलं.

देवयानी : आई.

अलकनंदा : काय?

देवयानी : बाबांचा फोन आला होता मला. मागच्या आठवड्यात. म्हणाले, देवू, तू पाठवतेस ते मीठ अळणी असतं.

अलकनंदा : ते काय, काहीही बोलतात. पाणी पी तू.

देवयानी : मी म्हटलं, बाबा, मिठात कशा अळ्या होतील? मला वाटलं मस्करी करतायत. हसले मी. आणि मग फोनवरून दोन नवीन पॅकेट पाठवली. म्हटलं, जुनं फेका, हे ताजं घ्या.

अलकनंदा : पाणी पी, देवयानी.

देवयानी : मीठ अळणी कसं असेल, आई? खारट नसलेलं मीठ कुठलं असतं?

अलकनंदा : असतं एकेकाचं. समुद्र-समुद्राचा फरक.

देवयानी : घरात कुठलं मीठ आहे?

अलकनंदा : पांढरं.

देवयानी : आई, प्लीज.

अलकनंदा : त्या डॉक्टरीणबाईंनीही सकाळी विचारलं, नमक कौन सा. त्यांनाही मी आधी हेच सांगितलं. सफ़ेद.

देवयानी : ते बीपीवालं आहे ना? मीच सुरू केलं होतं. बाबांचं बीपी वाढलं तेव्हा. त्यात सोडियम कमी असतं. कमी करायचं म्हणजे त्याच्या जागी... आई, त्याच्या जागी पोटॅशियम घालतात. तेव्हा किडनी ठीक होती त्यांची. किडनी जास्तीचं बाहेर टाकत होती. नंतर किडनी कमजोर निघाली, आपण नारळपाणी बंद केलं, केळी बंद केली, टोमॅटो बंद केले, तू बटाटे भिजत घालून पाणी ओतायला लागलीस...

अलकनंदा : दोनदा ओतायचे.

देवयानी : आणि मीठ तेच राहिलं. फोनमध्ये एक बटण आहे, आई, पिछला ऑर्डर दोहराएँ. मी तेच दाबत राहिले. बघितलंच नाही कधी. मी वर्गात पोटॅशियम शिकवते.

अलकनंदा : ते मीठ मी आणलंय.

देवयानी : काय?

अलकनंदा : तू पाठवलेलं संपलं होतं. हे मी नाक्यावरच्या दुकानातून आणलं. डॉक्टरीणबाईंना तसं सांगितलंय मी, त्यांनी लिहूनही घेतलं. आता ते बदलता येणार नाही.

देवयानी : आपल्या घरी काडेपेटीसुद्धा माझ्या फोनवरून येते, आई.

अलकनंदा : एखादं पॅकेट माणूस आणू शकतो.

देवयानी : तुला सकाळपासून माहीत होतं.

अलकनंदा : त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. यही वाला? म्हटलं, हो, हेच. त्या म्हणाल्या, अम्मा, गुर्दे के मरीज़ को ये नहीं देते, पैकेट पे लिखा रहता है. मी म्हटलं, बाई, मी पॅकेट बरणीत ओतते आणि कागद फेकते. बरणीवर काही लिहिलेलं नसतं.

देवयानी : आणि मला सांगितलं नाहीस. मला क्लास घ्यायला लावलास.

अलकनंदा : तू वर्ग घेत होतीस तेवढा वेळ रडत नव्हतीस. आणि मी जन्मभर सेक्शनमध्ये दुसरं काय केलं? कुठला कागद वर पाठवायचा आणि कुठला टेबलावरच अडवायचा. हा अडवायचा होता.

देवयानी : अडवला नाहीस.

अलकनंदा : म्हातारी झाले. आता गळतं. त्या मेल्या खिचडीनं घात केला.

देवयानी : मी पाठवलं ते. मी.

अलकनंदा : हे बघ. तू पाठवलंस. आणि पानात कोणी वाढलं? तुमच्या दिल्लीत ताटं कशीही वाढतात, आमच्याकडे आधी डावीकडे वर मीठ, मग बाकीचं. मीठ वाढल्याशिवाय हे हात धुवून नुसते बसून राहायचे. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. मी म्हटलं, हे तर लेकीनं पाठवलेलं तब्येतीचं मीठ आहे, ह्याला काय होतंय. आणि ते खारट लागेना, म्हणून भाजीत चिमूटभर जास्त. पानात पण जरा जास्त. आणि हे बोट लावून चाटायचे ते वेगळंच. म्हणायचे, भाजी अळणी असली तर बायकोला बोलता येतं, मीठच अळणी निघालं तर तक्रार कोणाकडे करायची?

देवयानी : माझ्याकडे केली त्यांनी. तक्रार.

अलकनंदा : हो. तर तू पाठवलंस, मी वाढलं, त्यांनी खाल्लं. तीन माणसांचं काम आहे. एकटीनं नावावर लावून घेऊ नकोस.

देवयानी : मला एक शब्द कळला असता ना... फक्त तेवढा एक...

अलकनंदा : रड. रडून घे. अश्रूंना काही लागत नाही ना गं, पास वगैरे?

देवयानी : त्यात पण सोडियम असतं.

अलकनंदा : असू दे. जाऊ दे बाहेर. आणि ऐक. उन्मेष विमानात बसला असेल आता. भाऊ आहे, आल्या आल्या विचारेल. त्याला सांगायचं, मीठ आईनं आणलं. मला म्हातारीला तो फार बोलणार नाही. तुला बोलेल, आणि पुढे जन्मभर बोलणार नाही, ते जास्त वाईट.

देवयानी : मी खोटं नाही बोलणार.

अलकनंदा : बोलू नकोस. गप्प राहा. अर्धं सरकार गप्प राहून चालतं.

देवयानी : आणि बाबा बाहेर आल्यावर? ते तर सांगतीलच सगळ्यांना. मिठात अळ्या. सोसायटीत फिरून सांगतील.

अलकनंदा : सांगू देत. एकदा आले बाहेर की खुशाल सांगू देत. मी स्वतः वर्गणी काढून माईक आणून देईन.

देवयानी : मशीन काम करतंय, आई. त्या मशीनमध्ये पण असाच पापुद्रा असतो, प्लॅस्टिकचा. एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला पाणी. पोटॅशियम निघून जाईल. फक्त हृदयानं तेवढा वेळ धरून ठेवायला हवं. सकाळी एकदा थांबून चालू झालंय ना. झालंय ना चालू.

अलकनंदा : झालंय. हट्टी आहेत ते. भैया, कितना टाइम है अभी हमारे टाइम को?

गार्ड : थोड़ा है माताजी. एक मिनट. अंदर से बुला रहे हैं मुझे.

अलकनंदा : हे घे, पास तुझ्याकडे ठेव. या वेळी तू जा.

देवयानी : नको, तू जा. मी काय तोंड दाखवू?

अलकनंदा : तेच दाखव. त्यांना तुझं तोंड बघायला आवडतं. मला सकाळी बघितलंय त्यांनी, आणि मी दुधावरून बोलले होते, ते लक्षात असेल. आणि जाशील तेव्हा कानाशी सांग, अळणीचा अर्थ कळला म्हणून. हसतील. नळी असली तोंडात तरी हसतील, मला ओळखू येतं.

देवयानी : सांगते.

अलकनंदा : डोळे पूस आधी. ओढणीला नको, रुमाल घे.

गार्ड : श्रीरंग देवधर जी के साथ आप हैं ना?

देवयानी : हां भैया, ये लीजिए पास. मैं जा रही हूँ.

गार्ड : पास रहने दीजिए, मैडम. आप दोनों आ जाइए.

देवयानी : दोनों? आई, ऊठ, दोघींना सोडतोय! शुद्धीवर आले असतील बाबा. चल ना, लवकर. उठतेस ना?

गार्ड : आराम से, माताजी. चप्पल भी पहने रहिए. कोई बात नहीं.

देवयानी : आई, चल. काय बघतेस त्याच्याकडे?

अलकनंदा : नाव बरोबर घेतलं त्यानं.

देवयानी : मग? चांगलं आहे ना? चल.

अलकनंदा : चल. हात धर माझा. अडवलं नाही गं त्यानं.